किल्ली दिली, अधिकार कुठे आहे?



निर्गमाच्या १८ व्या अध्यायावरचा संदेश आपण किती वेळा ऐकला आहे! मोशे थकला, सासरा आला, कामे वाटून दिली, आटोपले. शेवटचे आवाहनही ठरलेले: मंडळीत सेवेला हात कमी पडतात, पुढे या. लोक पुढे येतात. त्यांना खुर्च्या मांडायला, चहा वाटायला, गायनाची पुस्तके गोळा करायला सांगतात. याला आपण जबाबदारीची वाटणी म्हणतो. इथ्रोने हे सांगितलेच नव्हते, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

उतारा पुन्हा वाचा. मोशे न्याय करायला बसलेला आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती उभे. बसलेला एक, ताटकळणारे सगळे. अशाने मोशे झिजेल, एवढेच इथ्रो म्हणत नाही. लोकही झिजतील, असे म्हणतो. आपल्या संदेशांतून नेमके हे दुसरे अर्धे गळते. पुढाऱ्याची दया येते, उभे राहणाऱ्यांची नाही.

आता उपाय पाहा. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमायचे. माणसे कशी? कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, खरी, लाचेचा तिटकारा असणारी. मला सांगा, खुर्च्या मांडणाऱ्याला लाच कोण देतो? ही अट लागते ती ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला. लहान प्रकरणे या नायकांनीच निकालात काढायची, अवघड तेवढी मोशेकडे. म्हणजे दहा जणांवरचा नायकसुद्धा न्याय करणारा होता, निरोप्या नव्हे. शिवाय मोशेने लोकांना विधी आणि नियम शिकवायचे होते. माहिती आपल्याजवळ ठेवून काम तेवढे दुसऱ्याला द्यायचे, ही सोय इथ्रोने ठेवलीच नाही.

यात मी निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका खेड्यातून एक विधवा बहीण दोन बस बदलून आमच्याकडे आली. मुलीच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. नोंदवही कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात, पाळकसाहेब बाहेरगावी. दाखल्यावर सही त्यांचीच लागते, हे मान्य. पण नोंद शोधून दाखला लिहून ठेवायला आणि सही झाल्यावर पोस्टाने पाठवायला काय हरकत होती? साहेबांना विचारल्याशिवाय वही उघडता येत नाही, पुढच्या आठवड्यात या, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही. पाणी प्यायली आणि स्टँडकडे निघाली. पुढच्या आठवड्यात ती आली, तेव्हा साहेब एका अंत्यविधीला गेले होते.

साहेबांनी मला किल्ली दिली होती, अधिकार दिला नव्हता. आणि खरे सांगायचे तर मी तो मागितलाही नव्हता. न विचारता केले आणि चुकले, तर बोलणी कोण खाणार? वर विचारतो म्हणणे फार सोयीचे असते.

सामान्य माणसांच्या हाती अधिकार दिला तर गोंधळ होईल, असे आपले वडीलजन म्हणतात. होईलही थोडा. पण अनुवादाच्या पहिल्या अध्यायात मोशे हीच हकिकत सांगतो, तेव्हा माणसे निवडायला आपण लोकांनाच सांगितले होते, असे म्हणतो. गणना ११ मध्ये एल्दाद आणि मेदाद तंबूकडे न जाता छावणीतच संदेश देऊ लागले. यहोशवाला ते खपले नाही. मोशेने त्यांना थांबवले नाही, उलट यहोशवालाच फटकारले. आपल्या कमिट्यांत अशा वेळी कोणाची बाजू घेतली जाते, ते तुम्ही जाणता.

येत्या सभेत मी दोन मागण्या लेखी ठेवणार आहे. दाखल्याचे अर्ज घेऊन नोंद काढण्याचा अधिकार प्रत्येक विभागातल्या एका व्यक्तीला द्यावा, तीही त्या विभागानेच निवडावी. संडे स्कूलच्या बाईंना खडू आणि चित्रांसाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, दर वेळी सही मागायला लावू नये. हिशोब महिन्याच्या शेवटी घ्यावा.

कपाटाची दुसरी किल्ली मी करून घेतली आहे. या वेळी कोणाला न विचारता. ती कोणाला द्यायची, ते मंडळीने सांगावे.