शिक्षा झाली, म्हणून दावाही बुडाला?

फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेला माणूस तुरुंगात बसून, वकिलाशिवाय, पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा लावतो. समोरचा वकील एकच अर्ज देतो: या मुद्द्याचा निकाल आधीच लागला आहे, दावा काढून टाका. इंग्लंडमध्ये दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३.४ खाली असा अर्ज मंजूर झाला, की साक्षीपुराव्याची वेळ येण्याआधीच दावा निकालात निघतो.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात, त्यात चुकीचे काहीच नाही. फौजदारी खटल्यात पुराव्याची कसोटी सर्वांत कडक असते. तिथे हरलेल्याला दिवाणी दाव्याच्या मार्गाने तोच खटला पुन्हा चालवू दिला, तर निकालाला अर्थ राहत नाही आणि पीडितांची फरफट थांबत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. बलात्काराची शिक्षा झालेल्याने फिर्यादी स्त्रीवरच बदनामीचा दावा लावावा आणि तिने पुन्हा पिंजऱ्यात उभे राहून सगळे सांगावे, हे कोणत्याही न्यायव्यवस्थेला शोभणारे नाही. म्हणूनच इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याच्या कलम १३ ने बदनामीच्या दाव्यात शिक्षेचा निकाल अंतिम पुरावा मानला आहे. ते योग्यच आहे.

पण त्याच कायद्याचे कलम ११ वेगळे सांगते. इतर दिवाणी दाव्यांत शिक्षा हा पुरावा आहे खरा, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. सिद्ध करण्याचा भार शिक्षा झालेल्यावर आहे आणि तो जड आहे. तरीही संसदेने ती वाट बुजवली नाही. ती अरुंद केली न्यायाधीशांनी.

कशी, ते बर्मिंगहॅमच्या प्रकरणात दिसते. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी तिथल्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मेली. १९७५ मध्ये सहा जणांना जन्मठेप झाली. कबुलीजबाब मारहाण करून घेतले, हे त्यांचे म्हणणे खटल्याच्या न्यायाधीशाने फेटाळले होते. पुढे त्यांनी त्याच मारहाणीबद्दल पोलिसांवर दिवाणी दावा लावला. जानेवारी १९८० मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी तो काढून टाकताना कारण दिले ते असे: हे सहा जण जिंकले, तर पोलीस खोटे बोलले, त्यांनी मारहाण केली, कबुलीजबाब जुलमाने घेतले आणि शिक्षा चुकीची होती, असे ठरेल. ही शक्यताच इतकी भयंकर, की दावा पुढे जाऊ देणे योग्य नाही. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, दावा बंदच ठेवला. फौजदारी निकालावर आडवाटेने हल्ला करणे हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर, हे तत्त्व या निकालाने पक्के झाले. १४ मार्च १९९१ रोजी सहाही शिक्षा रद्द झाल्या. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

ज्या शक्यतेला न्यायालय घाबरले, तीच खरी होती. निकालाचे परिणाम भयंकर होतील, हे दावा ऐकून न घेण्याचे कारण होऊच शकत नाही.

या सहा जणांना निदान वकील तरी होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हेक नावाच्या कैद्याला दावा लावताना तेही नव्हते. पत्नीच्या मृत्यूबद्दल मनुष्यवधाची शिक्षा भोगताना त्याने स्वतःच सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्यावर दावा लावला. आपल्या बाजूचा पुरावा त्यांनी जाणूनबुजून नष्ट केला, हा त्यातला एक आरोप. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला: दावा जिंकल्याने शिक्षाच खोटी ठरणार असेल, तर आधी शिक्षा रद्द करून घ्या, मग या. मात्र ज्या दाव्याने शिक्षेला धक्का लागत नाही, उदाहरणार्थ बेकायदा झडतीचा, तो चालू शकतो, हेही त्याच निकालात आहे. खरी रेघ हीच. दोषी माणसालाही कोठडीत मारता येत नाही. त्याने गुन्हा केला, हे त्या मारहाणीचे उत्तर नव्हे.

ही रेघ वकील वादपत्रातच ओढून देतो. स्वतः दावा चालवणारा एकाच परिच्छेदात ‘मी निर्दोष आहे’ आणि ‘मला मारले’ लिहितो, आणि पहिल्या वाक्यासाठी दुसरेही बुडते. अमेरिकेत १९७२ पासून अशा पक्षकाराचे वादपत्र सैलपणे वाचण्याचा दंडक आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये, दाव्याची कागदपत्रे ईमेलने बजावण्याच्या एका वादात, वकील नसणाऱ्यालाही नियम तेच, असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. बजावणीच्या नियमापुरते ते मान्य करू. पण आरोप समजून घेणे हे न्यायाधीशाचे कामच आहे.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर सात रूल अकराखाली वादपत्र नामंजूर झाले, तरी रूल तेरानुसार केवळ तेवढ्यावरून नव्या वादपत्राला बंदी येत नाही. फौजदारी निकाल दिवाणी न्यायालयावर आपोआप बंधनकारक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून मागणी एवढीच. दावा काढून टाकण्याआधी न्यायाधीशाने आदेशात लिहावे, की वादपत्रातल्या नेमक्या कोणत्या आरोपाचे उत्तर शिक्षेच्या निकालात आले आहे. तेवढाच भाग काढावा. बाकीचा चालवावा. आणि फौजदारी अपील प्रलंबित असेल, तर उत्तर आलेला भागही काढण्याऐवजी स्थगित ठेवावा. ज्या आदेशात ही छाननी दिसत नाही, तो अपिलात टिकता कामा नये.