पाती आम्हीही कापणार!

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहून आलो आणि वर्गाने तिची प्रतिकृती करायला घेतली. पाट्या बनवणाऱ्या दुकानातून अॅक्रिलिकचे टाकाऊ तुकडे आणले. कापायचं काम मुलांकडे, रंगवायचं मुलींकडे! का बरं?

पोलादी पट्टी घट्ट धरायची, करवतीच्या पात्याच्या टोकाने एकाच रेघेवर सात-आठदा ओरखडायचं, मग रेघ टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचं. कट्‌कन तुटतं. यात ताकद कसली लागते? घाई केली तर मात्र तडा वाकडा जातो. मुलांचे दोन तुकडे असेच वाया गेले! रेघेबाहेर थोडं जास्त ठेवावं, नंतर कानशीने घासून बसवावं. पाणचक्कीचं चाक आडवं असतं. एक पातं जरी लांब राहिलं तरी ते कडेला अडतं.

अजून चार पाती कापायची आहेत. ती आम्हाला द्या. बोटाला चिंधी आम्हालाही बांधता येते.