सूट कशाची देता? हक्काचे बोला!



सूट हा शब्द आपल्याला नवा नाही. व्याजात सूट, वसुलीत सूट, कर्जाला माफी. देणाऱ्याचा फोटो छापून येतो. गळ्याला फास कोणी लावला होता, ते मात्र कोणी छापत नाही. हाच खेळ जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात म्हाताऱ्या आणि अपंग माणसांशी कसा चालतो, ते आज सांगायचे आहे. तिकडचे आपल्याला काय, असे म्हणू नका. बाजेवर पडलेला बाप सगळीकडे सारखाच.

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे. १९६५ सालचा. पैसा केंद्राचा आणि राज्याचा. कायद्याने राज्यांना बजावले आहे की पात्र माणसाच्या नर्सिंग होमचा खर्च द्यायलाच हवा. नर्सिंग होम म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावचा खाजगी दवाखाना नव्हे. म्हातारी-अपंग माणसे कायमची ठेवण्याची जागा. पण तोच माणूस म्हणाला, मला माझ्या घरात राहू द्या, आंघोळ घालायला, भरवायला, कुशीवर वळवायला कोणी द्या, तर? नर्सची थोडी सेवा सोडली तर बाकी सारे राज्याच्या मर्जीवर. इमारतीला हक्क आणि घराला मेहेरबानी!

आयोवा राज्यातली केटी बेकेट. १९७८ साली तान्ही असताना मेंदूज्वर झाला, श्वासाला यंत्र लागले. पुढे तिला घरी नेता येईल असे डॉक्टर म्हणाले. खर्चही कमी येणार होता. पण पोर घरी आली की आईबापाचे उत्पन्न मोजले जाणार आणि विमा तुटणार. दवाखान्यात ठेवा, सरकार पैसे भरते. घरी न्या, तुमचे तुम्ही बघा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांपुढे हा प्रकार सांगितला, तेव्हा कुठे डिसेंबरात पोर घरी आली. पुढे ती २०१२ पर्यंत जगली.

त्याच १९८१ साली कायद्यात कलम १९१५-सी आले. त्याला वेव्हर म्हणतात, म्हणजे सूट. राज्याने अर्ज करायचा, केंद्राने नियम ढिले करायचे आणि मग विम्याच्या पैशातून घरी मदतनीस, दिवसाचे सांभाळ केंद्र, दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार, सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला चार दिवस विसावा, असे मिळायचे. आम्ही याला वाईट म्हणत नाही. लाखो माणसे यामुळे आपल्या घरात राहिली. काही राज्यांत सेवा करणाऱ्या मुलीला, सुनेला मजुरीही मिळते. २०१३ पर्यंत तर मेडिकेडच्या दीर्घ सेवेच्या खर्चात घरचा वाटा निम्म्याच्या वर गेला.

पण अटी बघा. माणूस नर्सिंग होममध्ये टाकण्याइतका खचलेला असला पाहिजे. घरचा सरासरी खर्च तिथल्यापेक्षा जास्त होता कामा नये. नर्सिंग होममध्ये जेवण आणि जागा विम्यातून, घरी मात्र नाही. परवाना आधी तीन वर्षांचा, मग पाच-पाच वर्षांचा. सर्वांत मोठी अट म्हणजे जागा मोजक्या. भरल्या की रांग. २०२४ मध्ये या रांगेत सात लाखांवर माणसे होती. त्यांतल्या अनेकांची पात्रता अजून तपासलेलीही नव्हती. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात सांगितले की घरी-समाजात राहू शकणाऱ्या अपंगाला विनाकारण संस्थेत कोंडणे हा भेदभाव आहे. निकाल झाला, तरी रांग आहेच.

आणि जमीनवाल्यांनो, हे नीट ऐका. १९९३ च्या कायद्याने राज्यांवर सक्ती केली की पंचावन्न वर्षांवरच्या माणसाच्या अशा सेवेवर केलेला खर्च त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून वसूल करावा. नवरा किंवा बायको हयात असेपर्यंत थांबतात. शेत हेच पोटाचे एकमेव साधन असेल तर सूट मागता येते. पुन्हा सूटच, आणि तीही मागून!

जे मर्जीने मिळते ते तंगी आली की पहिले जाते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने मेडिकेडच्या पैशाला मोठी कात्री लावणारा कायदा केला. नर्सिंग होम राज्यांना कायद्याने तोडता येत नाही. मग कात्री कुणावर चालेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता आपल्या ओसरीकडे वळू. आपल्याकडे २०१८ पासून प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना. चांगले आहे. पण पैसा दवाखान्यात भरती झाल्यावरचा, आणि सुटल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा. सोळाव्या दिवशी लकवा झालेल्या बापाला कोण उचलते? घरची बाई. ऐन वेचणीत तिचा रोज बुडतो, ज्वारीची काढणी दुसऱ्याच्या हाती जाते. ते कोणत्या हिशेबात धरले?

कोणी म्हणेल, आईबापाच्या सेवेला पैसे कशाला, ते कर्तव्यच. कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्यांची मजुरी धरा म्हणालो, तेव्हाही असेच हसले होते. सेवा कर्तव्य आहे, मान्य. पण तिचा सगळा बोजा एका बाईच्या पाठीवर टाकणे हे कोणाचे कर्तव्य?

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. अंथरुणाला खिळलेल्याची घरची सेवा सरकारी विम्यात हक्क म्हणून आली पाहिजे. जागांची मर्यादा नको, रांग नको. सेवा करणाऱ्या घरच्या माणसाच्या बुडालेल्या रोजाला मोल मिळाले पाहिजे. आणि मेल्यावर सातबाऱ्यावर हात टाकण्याची तरतूद या देशात कधीही येता कामा नये.

अमेरिकेची चूक आपण पंचेचाळीस वर्षे उशिरा करायची गरज नाही. बैठकीला या, येताना घरच्या बाईला सोबत आणा. या विषयात आपल्यापेक्षा तिला जास्त कळते.