पेन्शनवाल्याची खुर्ची

2025 च्या जूनमध्ये आपल्या सरकारने म्हातारपणाच्या पेन्शनचे वय 60 वरून टप्प्याटप्प्याने 65 वर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा घरोघरी वडीलधाऱ्यांचा सूर एकच होता: आम्हांला कोणी विचारले?

हाच प्रश्न अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले पोलीस व अग्निशामक दलाचे जवान कोर्टात घेऊन गेले होते. त्यांत निवृत्त झालेलेही होते. ती हकीगत आमच्या वाचकांनी ऐकावी असे आम्हांस वाटते.

शिकागो सोडल्यास त्या राज्यात गावोगावच्या पोलिसांचा पेन्शन फंड निराळा, अग्निशामकांचा निराळा. असे सुमारे 650 फंड. प्रत्येकाचे मंडळ पाच जणांचे. दोघे महापौराने नेमलेले, दोघे नोकरीत असलेल्यांनी निवडलेले आणि एक निवृत्तांचा. गुंतवणुकीवर मत देताना पाचांत एक आवाज पेन्शनवाल्याचा असे.

1 जानेवारी 2020 पासून नवा कायदा आला. सगळ्या फंडांचा पैसा गुंतवणुकीसाठी दोन मोठ्या फंडांत गेला. कोणाला पेन्शन द्यायचे, जायबंदी कोणाला मानायचे, एवढे गावच्या मंडळांकडे राहिले. नव्या मंडळांवर नऊ-नऊ जण: पोलिसांच्या मंडळावर निवृत्त दोन, अग्निशामकांच्या मंडळावर फक्त एक.

पैसा एकत्र करण्याला आमचा विरोध नाही. लहान लहान फंडांनी प्रत्येकी सल्लागार नेमून फी भरत बसण्यात शहाणपण नव्हते. पण फिर्यादी म्हणाले, आमच्या मताचे वजन घटले, आणि राज्यघटना तर सांगते की पेन्शनचा लाभ कमी करता येत नाही. 19 जानेवारी 2024 रोजी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: लाभ म्हणजे हाती येणारे पेन्शन, फंडाच्या कारभारातील मत हा लाभ नव्हे.

कायद्याने हे बरोबर असेल. व्यवहारात मात्र त्या मताची किंमत पेन्शनवाल्यालाच ठाऊक. नोकरीतल्या जवानामागे युनियन आहे, महापौराच्या हाती कर आहे. निवृत्त माणूस संप कशाचा करणार? शिवाय तिकडच्या पुष्कळ पोलिसांना व अग्निशामकांना या नोकरीवर केंद्र सरकारचे सोशल सिक्युरिटी पेन्शन मिळत नाही. आपल्याकडे नोकरीचे पेन्शन नसले तरी सरकारी म्हातारपेन्शनचा आधार असतो. त्यांचा सारा भार या एका फंडावर.

फंड आटला म्हणजे काय होते, हे ऱ्होड आयलंड राज्यातल्या सेंट्रल फॉल्स या छोट्या शहराने दाखवले. 1 ऑगस्ट 2011 रोजी शहराने दिवाळे काढले आणि निवृत्त पोलीस-अग्निशामकांचे पेन्शन 55 टक्क्यांपर्यंत कापले गेले. ज्यांनी जन्मभर आगीत उड्या घेतल्या, त्यांनी सत्तरीत पुन्हा काम कोठे शोधावे? पुढे राज्याने पैसा घालून ते मूळच्या 75 टक्क्यांपर्यंत आणले, पण पूर्ववत नव्हे.

म्हाताऱ्यांना समारंभात हार घालून पहिल्या रांगेत बसवायचे आणि हिशेबाच्या बैठकीला बोलवायचे नाही, ही रीत आपल्याही संस्थांत आम्ही पाहतो. इलिनॉयच्या पोलीस मंडळावर निवृत्तांना दोन खुर्च्या देता आल्या, तर अग्निशामकांना एकच का? कायदा विधिमंडळाने केला आहे, तेव्हा दुसरी खुर्चीही तेथेच मागावी लागेल.