एका बाकावर बसलं म्हणजे ओळख होत नाही

महाविद्यालयात सगळ्या जातीधर्मांची, भाषांची मुलं एकत्र येतात आणि मनातले भेद आपोआप गळून पडतात, असं आपण निबंधात हमखास लिहितो. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे.

आपल्या पालघर-बोईसर भागातला प्रथम वर्षाचा कुठलाही वर्ग बघा. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या आश्रमशाळांतून आलेली वारली, कोकणा, मल्हार कोळी मुलं, सातपाटी-मुरबे किनाऱ्यावरची कोळी मुलं, केळवे-माहीमची वाडवळ. तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या कुटुंबांतली मुलं वेगळीच. १९६९ पासून चालणाऱ्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत तर निरनिराळ्या राज्यांतले लोक राहतात.

पण मधल्या सुट्टीत डबे उघडतात ते आपापल्या गटात. आश्रमशाळेतलं पोर शेवटच्या बाकावर. त्याच्या बोलीला एकदा कुणी हसलं की ते तीन वर्षं तोंड उघडत नाही. हिंदी बोलणाऱ्याला 'भैया' हेच नाव चिकटतं. आम्ही शिक्षकही यातून सुटलेलो नाही.

मग येतो पारंपरिक वेशभूषा दिन. गालावर पांढरी नक्षी काढून, मोबाईलवर वाजणाऱ्या सुरावर तारपा नाच होतो, टाळ्या पडतात. पण तारपा भोपळ्याचा आणि बांबूचा कसा बनवतात, नाचताना तारपकऱ्याकडे पाठ का करायची नाही, हे वर्गातल्याच वारली मुलाला कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा तिथेच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडलं होतं की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, उद्देश एक हवा, काम मिळून करावं लागावं आणि त्याला संस्थेचं पाठबळ हवं.

हे चारही जुळतं ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात. पाड्यावर वनराई बंधारा घालायचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, ओढ्यात रचायच्या. गोणी किती भरावी, पाणी कुठून फुटेल, हे वर्गात गप्प बसणाऱ्या त्या पोरालाच ठाऊक असतं. तिसऱ्या दिवसापासून मुलं "सर, आता काय करू?" असं मला विचारायचं सोडून त्याच्याकडे जातात, हे मी पाहिलंय. रात्री बिहारचा मुलगा निखाऱ्यांवर लिट्टी भाजतो आणि त्याला 'भैया' म्हणणारेच ताट घेऊन रांगेत उभे!

पण शिबिराला जाते मूठभर मुलं. बाकीच्यांचं काय? प्रकल्पाचे गट मुलांना पाडू दिले तर मित्र मित्रच एकत्र बसतात. म्हणून हल्ली गट मी पाडतो. कुरकुर होते, होऊ दे. विषयही असे देतो की एकमेकांच्या घरी गेल्याशिवाय भागत नाही: पाड्यावरच्या विहिरीचं पाणी, बोईसरच्या चाळीतलं भाडं, बोटीला लागणारं डिझेल.

मागे वसाहतीतली एक मुलगी गटातल्या मुलाच्या पाड्यावर जाऊन आली. म्हणाली, "सर, त्याची आई माझ्याशी वारलीत बोलली. अर्धंच कळलं." पुढच्या तासाला ती त्याच्या शेजारी बसून राहिलेल्या शब्दांचे अर्थ लिहून घेत होती.