सुईदोऱ्याची सज्जता

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. गर्दी व धूळ ठरलेलीच. अशा ठिकाणी साथ आल्यास बाजारातील मुखपट्ट्या पुरतीलच, याचा भरवसा नाही, हे २०२० च्या तुटवड्याने दाखवले. तेव्हा केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेने घरगुती मुखपट्टीची शिवणयंत्राविना करावयाची रीतही सांगितली होती.

नवशिक्यालाही ते जमते. घट्ट विणीचे सुती कापड धुऊन सुमारे २५ बाय १५ सेंटिमीटरचे तीन तुकडे कापावेत. दोन तुकडे सुलट बाजू आत येतील असे जोडून वर तिसरा ठेवावा. थोडी फट सोडून कडेने बारीक धावदोरा घालावा, पट्टी उलटवून फट बंद करावी. नंतर तीन चुण्या टाचून चारही कोपऱ्यांना नाड्या शिवाव्यात.

तीन थरांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये केली होती. तरीही कापडी पट्टीला एन-९५ ची सर नाही. कडा चेहऱ्याला चिकटून बसल्या नाहीत, तर थरांचाही उपयोग उणावतो.

राज्यातील मुखपट्टीची सक्ती एप्रिल २०२२ मध्ये संपली. सक्तीबरोबर हे साधे कौशल्यही विसरले गेले, तर पुढच्या साथीत पुन्हा रिकाम्या दुकानांपुढे रांगा लागतील.