गिऱ्हाईक उतरतं तिथे चार्जिंग

नांदेडहून औंढा नागनाथ, तिथून परळी वैजनाथ आणि रात्री परत नांदेड. टुरिस्ट गाड्यांचं हे नेहमीचं भाडं, अडीचशे किलोमीटरच्या वरचं. इलेक्ट्रिक गाडी घेतलेले मालक आधी विचारतात, वाटेत फास्ट चार्जर कुठे? आमच्या मते आधी विचारायचं ते हे, की गिऱ्हाईक दोन तास कुठे उतरणार?

महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावं, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. तेवढ्यावर विसंबून भाडं पत्करू नये. कागदावर ३१२ किलोमीटर सांगणारी ३० युनिटची जुनी नेक्सॉन मे महिन्यात, एसी लावून, भरल्या गाडीने दोनशेच्या आसपास जाते असं धरूनच दर सांगावा.

लातूर नांदेडपेक्षा पावणेतीनशे मीटर उंचावर आहे, म्हणून तिकडच्या भाड्यात जातानाच्या चढाला सगळे घाबरतात. तो चढ खातो जेमतेम दीड युनिट. बॅटरी खरी खातो तो वेग. ताशी ८० चे १०० केले की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. चाकूर-अहमदपूरचा मोकळा रस्ता दिसला की पाय दाबला जातोच. पण शंभर किलोमीटरमागे वाचलेली पंधरा मिनिटं पुढे साध्या सॉकेटवर तासाभराने फेडावी लागतात.

परळीत दर्शन आणि जेवण धरून सव्वादोन तास सहज जातात. ७ किलोवॅटचा एसी चार्जर तेवढ्यात पंधरा युनिट देतो, म्हणजे शंभर किलोमीटरची बेगमी. मात्र आपली गाडी तेवढं घेते का, हे आधी पाहावं. जुन्या नेक्सॉनचा आतला चार्जर ३.३ किलोवॅटवरच अडतो. फास्ट चार्जर मिळालाच तर ८० टक्क्यांना गन काढावी. पुढे चार्जिंग मंदावतं, आणि मागचा गाडीवाला ताटकळतो तो वेगळाच.

मुक्कामाच्या भाड्यात चिंता कमी. लॉजच्या पार्किंगमधला १५ अँपिअरचा सॉकेट ताशी तीन युनिट देतो, रात्रीतून चोवीस. फक्त खोली ठरवण्याआधी अर्थिंगची चौकशी करावी. अर्थिंग नीट नसलं तर बहुतेक गाड्या चार्जिंग घेतच नाहीत, आणि हे कळतं तेव्हा पार्टी वर झोपलेली असते.

महामार्गावर मोठे चार्जर संघटनांनी मागावेतच. पण औंढा, परळी, तुळजापूर, माहूरच्या भक्तनिवासांना आणि लॉजवाल्यांना दोन-चार सॉकेट आणि वेगळा मीटर बसवायला लावणं जास्त स्वस्त आणि लवकर होण्यासारखं आहे. त्यासाठी युनिटमागे ठरलेला दर रोख द्यायची तयारी आपल्याकडून आधी दिसली पाहिजे. आजवर फुकट वायर टाकणाऱ्यांमुळेच अनेक लॉजवाले सॉकेटला कुलूप लावतात.